मत आणि मत

१२ डिसेंबर २०१९, गुरुवार. संध्याकाळचे साडेपाच. उत्तर लंडनमधल्या फिंचलीत, एका चर्चच्या सभागृहाबाहेर मी छत्री धरून रांगेत उभी होते. इथे डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. केव्हाच काळोख झाला होता आणि पावसाची रिपरिप थांबायचं नाव घेत नव्हती. पुढच्या माणसाचं कुत्रं भिजून त्याच्या पायाशी अंग चोरून बसलं होतं. माझ्या कोटाच्या खिशात पोल कार्ड होतं आणि डोक्यात दोन नावं. सहा आठवडे विचार केला होता, तरी दोनाचं एक झालं नव्हतं.

मराठीत आपण ‘मत’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. माझं मत असं आहे, आणि मी मत दिलं. इंग्रजीत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. मिरजेत वाढताना मला कधी जाणवलंच नाही की मनातलं मत आणि पेटीत पडणारं मत यांच्यात अंतर असू शकतं. ते अंतर मला त्या हिवाळ्यात कळलं, आणि फार जड गेलं.

भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या माणसाला ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येतं, हे मिरजेत सांगितलं की अजूनही कुणाला खरं वाटत नाही. पण तसं आहे. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना, इथे राहायची रीतसर परवानगी असली की, मतदारयादीत नाव घालता येतं. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. अमुक वर्षं राहिलेलं असावं अशीही अट नाही. आम्ही २०१५ साली आलो. पुढच्याच वर्षी, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत लागलं आणि माझ्या नावाचं पोल कार्ड दारात येऊन पडलं.

शेजारच्या फ्लॅटमधली पोलिश बाई २००५ पासून लंडनमध्ये आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा मुलगा इथेच जन्मला, इथेच शाळेत जातो. तिला कार्ड आलं नाही. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना इथे नगरपालिकेसाठी मत होतं, पण संसदेसाठी नव्हतं आणि त्या सार्वमतातही नव्हतं. जिच्या राहण्या-न राहण्याचा प्रश्न होता तिला कुणी विचारलं नाही. मला मात्र विचारलं होतं.

आणि मी गेले नाही. पाहुण्यानं घरच्यांच्या भांडणात पडू नये, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं. २४ जूनच्या सकाळी निकाल लागला, ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के, बाहेर पडायचं. कामावर निघताना जिन्यात ती भेटली. ‘तुला तर मत होतं ना?’ एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं आणि खाली बघत उतरले. तो जिना मी आजही उतरते, तेव्हा तिसऱ्या पायरीवर मला ते वाक्य ऐकू येतं.

२०१७ च्या जूनमध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा मी अण्णांच्या आजारपणासाठी मिरजेत होते. म्हणजे या देशातलं माझं पहिलं मत २०१९ चं.

त्याच वर्षी, पाडव्याच्या आठवड्यात, शेजारीण संध्याकाळी आमच्याकडे आली. युरोपीय नागरिकांना ब्रेग्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर, इथे राहायचं तर सरकारकडे अर्ज करून ‘सेटल्ड स्टेटस’ घ्यायचं होतं. त्यासाठी एक ॲप होतं आणि ते तेव्हा फक्त अँड्रॉइडवर चालायचं. तिचा फोन आयफोन. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, श्रीखंडाची वाटी बाजूला सारून, तिनं आपला पासपोर्ट ठेवला. पासपोर्टातली चिप वाचायला त्यावर फोन टेकवून धरायचा होता. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी फोनचं कव्हर काढलं, पासपोर्ट उलटा केला, पुन्हा टेकवला. ती माझ्या हाताकडे श्वास रोखून बघत होती. चौथ्या वेळी हिरवी खूण आली. मग फोननं तिचा चेहरा स्कॅन केला, पडद्यावर रंग झरझर बदलले, आणि त्या उजेडात मला तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसली. चौदा वर्षं राहिलेल्या घरात राहायची परवानगी ती मागत होती, आणि ती मिळवायला माझा फोन लागत होता.

काही दिवसांनी तिला मेल आला, स्टेटस मिळाल्याचा. सोबत पत्र होतं. हे पत्र म्हणजे पुरावा नव्हे, असं त्या पत्रातच लिहिलेलं. पुरावा काय तो संगणकावर, कार्ड वगैरे काही नाही. तिनं मला ते पत्र छापून द्यायला सांगितलं. तिला कागद हातात हवा होता. मी छापून दिलं.

निवडणूक लागली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. १९२३ नंतर पहिल्यांदाच डिसेंबरात. त्याआधी सप्टेंबरात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमतानं ते बेकायदा ठरवलं होतं. देश चिडलेला होता. आमच्या हॉस्पिटलात चहाच्या खोलीत लोक टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे, कारण आवाज चालू असला की कुणीतरी कप आपटून उठून जायचं. इकडे हे, आणि तिकडे नोव्हेंबरात महाराष्ट्रात पहाटेचा शपथविधी. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती, तरी घरचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. दोन्ही देशांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे डोळे लावून बसण्याचं ते वर्ष होतं.

जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाचं म्हणणं सरळ होतं, ब्रेग्झिट एकदाचं उरका. जेरेमी कॉर्बिन यांचा मजूर पक्ष म्हणत होता, तीन महिन्यांत नवा करार करू, सहा महिन्यांत तो पुन्हा लोकांपुढे ठेवू. लिबरल डेमोक्रॅट म्हणत होते, आम्हाला बहुमत द्या, ब्रेग्झिटच रद्द करतो. पद्धत आपल्यासारखीच, मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून आला. विरोधातली मतं विभागली की एरवी जो पडला असता त्याचं नशीब फळफळतं. म्हणून त्या हिवाळ्यात जो तो ‘टॅक्टिकल’ मतदानाबद्दल बोलत होता. आपल्याला जो आवडतो त्याला मत द्यायचं की जो नको त्याला पाडू शकेल त्याला?

आमचा मतदारसंघ फिंचली अँड गोल्डर्स ग्रीन. फिंचलीतून मार्गारेट थॅचर १९५९ ते १९९२ निवडून येत राहिल्या. २०१७ साली हुजूर पक्षाचे माइक फ्रीअर इथे मजूर पक्षापेक्षा अवघ्या १,६५७ मतांनी पुढे होते. म्हणजे साध्या हिशेबानं टक्कर मजूर पक्षाची. पण २०१९ मध्ये लिबरल डेमोक्रॅटांनी लुसियाना बर्गर यांना उभं केलं. त्या ज्यू. लिव्हरपूलच्या मजूर पक्षाच्या खासदार होत्या. पक्षातला ज्यूद्वेष सहन होत नाही, असं सांगून त्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत पक्ष सोडला होता. आणि हा मतदारसंघ देशात सगळ्यांत जास्त ज्यू वस्ती असलेल्यांपैकी एक. आता टक्कर कोण देणार? टेबलावर दोन्ही पक्षांची पत्रकं शेजारी शेजारी पडलेली. दोन्हींवर स्तंभांचे आलेख. मजूर पक्षाचा आलेख २०१७ चा, लिबरलांचा ताज्या सर्वेक्षणाचा. दोन्ही सांगत होते, इथे आम्हीच जिंकू शकतो.

माझ्या मनातलं मत मजूर पक्षाकडे होतं, आणि त्याला कारण माझं काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. हिवाळ्यात वॉर्डात खाट नसते म्हणून म्हाताऱ्या माणसांना कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर रात्र काढावी लागते, हे मी रोज बघत होते. मांडीचं हाड मोडलेल्या बाईला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी उभं करायचं असतं. माणसं कमी असली की ते तिसऱ्या दिवसावर जातं, चौथ्यावर जातं, आणि मग ती बाई पुन्हा पहिल्यासारखी चालत नाही. निवडणुकीच्या तीन दिवस आधी लीड्सच्या रुग्णालयातला एक फोटो सगळीकडे छापून आला. चार वर्षांचा मुलगा, जमिनीवर कोट पसरून झोपवलेला, तोंडाशी ऑक्सिजनचा मास्क. एका पत्रकारानं तो फोटो आपल्या फोनवर पंतप्रधानांना दाखवायला धरला, तर त्यांनी तो फोनच घेऊन स्वतःच्या खिशात घातला. कॅमेऱ्यापुढे. हे बघून मला रडू आलं होतं. मग तासाभरात फोटो बनावट आहे असे मेसेज फिरू लागले. फोटो खरा होता. रुग्णालयानं आधीच माफी मागितली होती.

पण खाली तळमजल्यावर एक आजी राहतात. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे आईवडील १९३८ साली व्हिएन्नाहून जीव वाचवून आले. आयुष्यभर आजींनी मजूर पक्षाला मत दिलं. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या आधी कधी कधी त्या मला बोलावतात. मी त्यांना कोकणातल्या शनवार तेल्यांबद्दल सांगितलं होतं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे आपले बेने इस्राएल. तेव्हापासून त्या मला आपल्या नात्यातली समजतात. नोव्हेंबरात त्यांनी विचारलं, ‘तो कॉर्बिन पंतप्रधान झाला तर मी कुठे जाऊ, तू सांग.’ मी म्हटलं, असं काही होणार नाही, आजी. त्या म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांनाही शेजाऱ्यांनी हेच सांगितलं होतं.’ त्यांची भीती वाजवी होती की वाढलेली, हे ठरवणारी मी कोण? आजोबांच्या घरातून कुणी मला कधी हाकलून दिलेलं नाही. ज्याला चटका बसलाय त्यानंच आच सांगावी.

लंडनमधल्याच हॅरोला एका मराठी घरी दिवाळीचा फराळ होता. तिथे बोलणं काश्मीरवर आलं. मजूर पक्षाच्या अधिवेशनात सप्टेंबरात काश्मीरबद्दल जो ठराव झाला त्यावरून लोक भयंकर रागावलेले. घरधनी मला वडिलांसारखे आहेत. म्हणाले, ‘अगं, आपल्या देशाच्या विरोधात ठराव करणाऱ्यांना मत देणार तू?’ मला तो ठराव पटला नव्हता, आणि नंतर पक्षानंच हा भारत-पाकिस्तानचा प्रश्न असल्याचं पत्र काढलं होतं. पण मी त्यांना म्हटलं, काका, मी मत इथल्या हॉस्पिटलासाठी देणार आहे. मिरजेसाठी मिरजेत देईन. ते नाराज झाले. चकलीचा डबा मात्र जाताना त्यांनीच हातात दिला.

आणि वॉर्डात एक पेशंट होते. मूळचे संडरलंडचे, जहाजबांधणीत वेल्डर. तिथली शेवटची गोदी १९८८ साली बंद पडली, त्यानंतर मुलीच्या मागे लंडनला आले. नवा खुबा बसवलेला. त्यांना वॉकरवर चालवताना मी शेजारून हात धरायचे. सार्वमतात त्यांनी बाहेर पडायला मत दिलं होतं. मला म्हणाले, ‘पोरी, तुला जा म्हणण्यासाठी नव्हतं दिलं. पन्नास वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. त्या एका दिवशी विचारलं. आणि आता म्हणतात, तुझं उत्तर चुकलं.’ चार पावलं चालले, थांबले, पुन्हा चार पावलं. त्यांच्या तळहातावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. लिबरलांचं ‘रद्द करू’ ऐकलं की मला ते डाग आठवायचे. त्यांचं मत रद्द करणारी मी कोण, असं वाटायचं. शेजारणीला मत नव्हतं, म्हणून जो जीव जळत होता, तोच जीव यांचं दिलेलं मत पुसायच्या कल्पनेनंही जळायचा. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

आदल्या रात्री अण्णांना फोन केला. ते प्राथमिक शिक्षक होते, जन्मभर निवडणुकीची ड्युटी केलेले. कुणाला देणार, असं त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरात ते कधीच विचारलं जात नाही, आईनं कुणाला दिलं हे अण्णांनाही ठाऊक नसतं. मी म्हटलं, अण्णा, माझं ठरतच नाहीये. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग एक जुनी गोष्ट सांगितली. जत तालुक्यातलं एक गाव, मतपत्रिकेचे दिवस. एक म्हातारी शिक्का घेऊन आडोशाला गेली ती बाहेरच येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर रांग ओरडायला लागली, पोलीस म्हणाला, बघू का जाऊन? अण्णांनी त्याला अडवलं. ‘आडोशात किती वेळ उभं राहायचं, याला नियम नाही गं. तुम्ही नका घाबरू, सावकाश या, असं मी तिला बाहेरूनच सांगितलं.’ मग म्हणाले, ‘तूही सावकाश कर.’

रांग सरकली. आत गेल्यावर टेबलाशी बसलेल्या बाईनं माझं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्यानं वाचला. ओळखपत्र मागितलं नाही. तेव्हा इथे मागत नसत. बोटाला शाई लावली नाही. कागद हातात दिला, तीन नावांचा. लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल.

मी उभी राहिले. बराच वेळ.

मनात मजूर पक्ष होता. पण माझ्या अंदाजानं त्यांचा उमेदवार इथे तिसरा येणार होता, आणि माझ्या खालच्या मजल्यावर आजी होत्या. लिबरलांचं मुख्य वचन मला मान्य नव्हतं, पण देशात त्यांना बहुमत मिळणार नाही हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं. मग बर्गर निवडून आल्या तर काय होईल? कुणालाच पूर्ण बहुमत मिळू नये, यात एका जागेची भर पडेल. कुणालाच बहुमत नसलं तर त्यांना एकमेकांशी बोलावं लागेल, आणि कदाचित पुन्हा एकदा सगळ्यांना विचारावं लागेल. त्या वेल्डरनाही. मला हवं होतं ते एवढंच होतं, सगळ्यांना पुन्हा एकदा नीट विचारलं जावं. ते कोणत्याही पत्रकावर छापलेलं नव्हतं. मतदानातलं ‘दान’ मला तिथे पहिल्यांदा शब्दशः कळलं. जे माझ्याजवळ होतं आणि शेजारणीजवळ नव्हतं, ते मी स्वतःच्या मनाचं समाधान करण्यात खर्च करू का?

लुसियाना बर्गर यांच्या नावापुढे फुली मारली. पेन्सिल इतकी दाबली की कागदाच्या मागे उमटली. घडी घालून पेटीत टाकली. बाहेर आले तेव्हा रांग आणखी लांबली होती.

रात्री दहाच्या ठोक्याला एक्झिट पोल आला, हुजूर पक्षाला ३६८ जागा. नवरा म्हणाला, चुकत असेल. साडेअकराच्या सुमारास ईशान्येतलं ब्लाइथ व्हॅली हुजूर पक्षाकडे गेलं, कित्येक दशकांची मजूर पक्षाची जागा. मग त्यानं टीव्ही बंद केला. शेवटी ३६५ झाल्या, ४३.६ टक्के मतांवर ८० जागांचं बहुमत. आमच्याकडे फ्रीअर यांना २४,१६२, बर्गर यांना १७,६००, मजूर पक्षाला १३,३४७.

सकाळी अण्णांचा फोन आला. त्यांनी आकडे विचारून लिहून घेतले आणि तिथल्या तिथे बेरीज केली. ‘तीस हजार नऊशे सत्तेचाळीस विरोधात. आणि निवडून आलेल्याला चोवीस.’ मग म्हणाले, ‘आपल्याकडेही असंच होतं.’ मला बोलवेना. माझ्यासारख्या कितीजणी त्या आडोशात उभ्या राहून दुसरीकडे वळल्या असतील, आणि कितीजणी मनातलंच मत देऊन आल्या असतील, कोण जाणे. लंडनमधल्याच केन्सिंग्टन मतदारसंघात तर हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या पुढे फक्त १५० मतांनी गेला आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या लिबरलांना ९,३१२ पडली होती. तिथे माझ्यासारखाच विचार करणाऱ्यांच्या हातून हे झालं असेल, या विचारानं मी दिवसभर कामात नीट लक्ष देऊ शकले नाही. आजी दारात भेटल्या, त्यांनी माझा हात धरला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांना हायसं वाटलं होतं, हे हाताला कळलं. त्यांच्यापुरतं मलाही वाटलं.

संध्याकाळी सातच्या सुमारास शेजारणीनं दार वाजवलं. ‘दिलंस?’ तिनं विचारलं.

‘दिलं.’

ती आत आली, फोनवर तो एप्रिलमधला मेल उघडला आणि म्हणाली, पत्र पुन्हा छापून दे, या वेळी रंगीत, दोन प्रती. प्रिंटरमध्ये निळी शाई संपत आली होती, म्हणून वरचं सरकारी चिन्ह जरा फिकट आलं. तिनं ते उजेडात धरून बघितलं, चालेल म्हणाली. एक प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवली. दुसरी नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

‘ही तुझ्याकडे असू दे.’

आमचे पासपोर्ट ज्या खणात असतात, त्यात मी ती ठेवली.